"वहिनी, उजेडात बघा": दुकानातल्या रोजच्या दिवसाचे फोटो



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "सर, फोटोसाठी कुठला मोबाईल घेऊ?" उत्तर देतो, पण शेवटी. आधी माझ्या एका दिवाळीची गोष्ट ऐका. त्या दिवाळीत माझ्याकडे चांगला महागडा मोबाईल होता आणि तरी मी तोंडावर पडलो.

कराडला आमचं साड्यांचं दुकान आहे, हे नेहमीच्या मंडळींना माहीत आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. मी बीबीए करून आलो आणि आल्या आल्या दुकान मॉडर्न करायला घेतलं. फॉल्स सीलिंग, त्यात पांढरेशुभ्र एलईडी पॅनल, पुढे काचेचा दरवाजा. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त दरवाजा बसवताना मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "उंबऱ्यापाशी दोन माणसं उभी राहतील एवढी जागा ठेव रे." मला वाटलं, चपला काढायला म्हणत असतील.

त्या दिवाळीला पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो टाकले. गादीवर साडी पसरायची, वरून पॅनलचा उजेड, मोबाईल आडवा धरायचा, की खटॅक. एका संध्याकाळी साठ साड्या उरकल्या. ऑर्डरीही आल्या. पुणे, मुंबई, नाशिक. तेवीस साड्या कुरिअरने गेल्या आणि त्यातल्या नऊ परत आल्या.

तक्रार सगळ्यांची एकच. "दादा, फोटोत मरून होती, ही तर डाळिंबी आहे." "मी निळी मागवली होती, तुम्ही चिंतामणी पाठवलीत." मी प्रत्येकीला समजावत होतो की ताई, हीच साडी आहे, फोटोतली. आणि खरंच तीच होती. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं, एक पार्सल पावसात भिजून जर काळी पडली, हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. पण अण्णांच्या वेळच्या एक काकू आहेत, आता मुलाकडे पुण्याला असतात. त्या फोनवर रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "अरे, तुमच्या दुकानात आम्ही आजवर कधी फसलो नव्हतो."

ते वाक्य मला पैशापेक्षा जास्त लागलं. मी त्यांना फसवलं नव्हतं. फसवलं होतं माझ्या उजेडानं, आणि तो उजेड मीच पैसे मोजून बसवला होता.

दिवाळी संपली की आमच्या धंद्यात आठवडाभर माश्या मारायचे दिवस असतात. त्या आठवड्यात मी नुसता गल्ल्यावर बसून राहिलो आणि तेव्हा एक गोष्ट दिसली, जी लहानपणापासून रोज डोळ्यासमोर होती. कुठलीही बाई साडी पसंत करते, पण लगेच पैसे काढत नाही. साडीचा पदर हातात घेऊन ती उंबऱ्यापाशी जाते, बाहेरच्या उजेडात धरते, सोबतच्या बाईला विचारते, मग आत येते. आणि अण्णा तिच्या मागून सांगतात, "वहिनी, उजेडात बघा, उजेडात बघा." हे वाक्य मी किमान दहा हजार वेळा ऐकलं असेल. मिस्त्रीला जागा ठेवायला सांगितली ती चपलांसाठी नव्हतीच.

बीबीएला आम्हाला मार्केटिंगचे चार पी शिकवले. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. पाठ करून पेपरात लिहिले, मार्क पण मिळाले. उंबऱ्यावरची ती दोन फूट जागा मात्र कुठल्याच पी मध्ये नव्हती.

म्हणून आज सांगायचं ते एवढंच: तुमचं गिऱ्हाईक माल हातात घेऊन तुमच्या दुकानात जिथे जाऊन उभं राहतं, तो तुमचा फोटो स्टुडिओ. तो शोधायला कॅमेरा लागत नाही, बघायला लागतं.

डोळा एक बघतो, मोबाईल दुसरं

आधी हे समजून घेऊ की माझ्या साड्यांचं झालं काय.

उजेडाला रंग असतो. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या आसपास, आणि माझ्या सीलिंगमधल्या त्या पांढऱ्या पॅनलचा ६५००. केल्व्हिनचा आकडा कमी असेल तर उजेड पिवळसर, जास्त असेल तर निळसर. एलईडीच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, पुढच्या वेळी बघा.

आपला डोळा, खरं तर मेंदू, यात फार हुशारी करतो. पांढरा सदरा बल्बखाली नेला तरी तुम्हाला पांढराच वाटतो, कारण तो पांढरा आहे हे मेंदूला माहीत असतं. मोबाईलला ते माहीत नसतं. तो अंदाज बांधतो. समोरच्या चौकटीत जे काही रंग आहेत त्यांची सरासरी काढली तर ती साधारण बेरंगी यावी, असा त्याचा ढोबळ हिशोब असतो. आता तुम्ही त्याच्यासमोर चौकटभर लाल साडी पसरली तर तो बिचारा काय समजणार? "अरेच्चा, इथला उजेडच लाल दिसतोय" असं समजून तो लाल कमी करतो. म्हणून नुसत्या साडीने भरलेला फोटो हमखास बिघडतो. दोन पावलं मागे सरका, चौकटीत थोडी पांढरी भिंत येऊ द्या किंवा साधा पांढरा कागद ठेवा, लगेच फरक दिसेल. कागद नंतर कापून टाकता येतो.

दुसरी भानगड एलईडीच्या दर्जाची. स्वस्त एलईडीत काही रंग मुळातच अपुरे असतात, विशेषतः गडद लाल. उजेडात जो रंग नाहीच, तो साडीवरून परत कसा येणार? त्यामुळे लाल मळकट होतो, जांभळ्यातला लाल अंश हरवतो आणि चिंतामणी सरळ निळी दिसते. माझ्या नऊ साड्यांचं कोडं इथे सुटलं. खोक्यावर सीआरआय म्हणून आणखी एक आकडा असतो. १०० म्हणजे पैकीच्या पैकी. दुकानासाठी घेताना ९० च्या वरचा मागा. दुकानदार "साहेब, सगळे सारखेच असतात" म्हणेल. नसतात.

तिसरी गोष्ट कमी-जास्त उजेडाची. चौकटीत पांढरं जास्त दिसलं की मोबाईल घाबरतो आणि फोटो काळवंडवतो. काळं जास्त दिसलं की उगाच उजळवतो. म्हणून पांढरी खादी फोटोत राखाडी येते आणि काळी चंद्रकळा धुतल्यासारखी. यावर उपाय तुमच्या बोटात आहे. स्क्रीनवर जिथे महत्त्वाचं आहे तिथे बोट ठेवा, जरा दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. बहुतेक मोबाईलवर शेजारी एक छोटा सूर्य येतो, तो वर-खाली सरकवा. पांढऱ्यासाठी थोडा वर, काळ्यासाठी थोडा खाली. कोर्समध्ये लोक मला मोठमोठ्या ॲपची नावं विचारतात, आणि हा छोटा सूर्य कित्येकांनी कधी हलवलेलाच नसतो.

आणि हो, फोटोत आडवे पट्टे येतात ना, काळे-पांढरे? मोबाईल खराब नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, मोबाईलला कळतं. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. त्याहून सोपं म्हणजे दिवा बंद करा आणि उंबऱ्यावर या.

आठ दिवस फोटो काढायचाच नाही

माझ्या बॅचला मी पहिला गृहपाठ हाच देतो आणि सगळ्यांची तोंडं उतरतात. मोबाईल खिशात ठेवायचा, एक वही घ्यायची आणि दुकानात उजेड कुठे, किती वाजता, कसा येतो ते लिहायचं. घरातून धंदा करत असाल तर घरातला.

माझी वही सांगतो. दुकानाचं तोंड पूर्वेला. सकाळी साडेनऊला शटर वर केलं की ऊन थेट आत. फरशीच्या तिसऱ्या रांगेपर्यंत. दिसायला सुंदर, फोटोला वाईट, कारण ऊन पडलेली जागा पांढरीफटक आणि बाजूची सावली काळीकुट्ट. जरीवर तर नुसता भपका. अकराच्या सुमारास ऊन उंबऱ्यावर येतं आणि मग आमच्याच शेडच्या सावलीत अडकतं. साडेअकरा ते दीड ही माझी सोन्याची वेळ. उंबऱ्यावर थेट ऊन नाही, पण समोर मोकळं आभाळ आहे, आणि त्या आभाळाचा मऊ उजेड साडीवर एकसारखा पसरतो. पोत दिसतो, काठातली बारीक नक्षी दिसते, रंग खरा येतो.

दुपारी तीननंतर पुन्हा उजेड भरपूर, म्हणून मी सुरुवातीला त्या वेळीही फोटो काढायचो. ते सगळे किंचित हिरवट यायचे. मोबाईलला शिव्या दिल्या, सेटिंग बदलली, काही होईना. वहीत लिहायला लागलो तेव्हा कळलं. दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं आणि समोरच्या बिल्डिंगवर पडतं. त्या बिल्डिंगला पिस्ता रंग दिलाय. म्हणजे दुपारभर माझ्या दुकानात येतो तो उजेड पिस्त्याच्या भिंतीवर आपटून येतो! मालकांना रंग बदला म्हणून तर सांगू शकत नाही. मी माझी वेळ बदलली.

ऋतूंचंही तसंच. दारातून बाहेर तोंड करून उभं राहिलं तर डिसेंबरात सकाळचं ऊन माझ्या डावीकडच्या भिंतीवर पडतं आणि जूनमध्ये उजवीकडच्या, कारण सूर्य उगवायची जागा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. फोटोग्राफीच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेची खिडकी सर्वात चांगली, तिथे थेट ऊन कधीच येत नाही. ते युरोपात लिहिलेलं आहे. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीही तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपल्या उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत डोकावतं. पुस्तकापेक्षा तुमची वही खरी. पावसाळा मात्र सगळ्यांना सारखा. आभाळ भरलं की वर आकाशभर पांढरा पडदा लावल्यासारखं होतं, दिवसभर कधीही फोटो काढा.

जगातला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो कशाचा आहे माहितीये? राजाचा नाही, लढाईचा नाही. फ्रान्समधल्या नीएप्स नावाच्या माणसाने १८२६-२७ च्या सुमारास स्वतःच्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती टिपल्या, तो. फोटो उमटायला इतके तास लागले की तेवढ्यात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसतं. त्याच्या एका फोटोत त्या दिवसाची माझी अख्खी वही आली म्हणायची.

उंबऱ्यावरचा फोटो

आता माझी रोजची पद्धत. आधी लेन्स पुसायची. हसू नका. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटाचं तेल असतं आणि त्यामुळे सगळा फोटो धुरकट येतो. बॅचमधल्या अर्ध्या लोकांच्या तक्रारी रुमालानेच मिटतात. मग आतले सगळे दिवे बंद, कारण एकीकडून आभाळाचा उजेड आणि दुसरीकडून एलईडी, असे दोन रंग एका साडीवर पडले की कुठलीच सेटिंग उपयोगाची नाही. फ्लॅश तर विसराच, जरीवर चंदेरी डाग पडतो. झूम करायचं नाही, जवळ जायचं.

साडी टांगायची एका बाजूने उजेड येईल अशी, समोरून नाही. बाजूचा उजेड आला की विणीच्या बारीक सावल्या पडतात आणि कापड हाताला लागल्यासारखं दिसतं. उजेडाच्या उलट बाजूला पांढरा थर्माकोल किंवा पांढरा पुठ्ठा धरायचा, म्हणजे सावलीची बाजू फार काळी होत नाही. वीस-तीस रुपयांचं काम. थर्माकोल धरायला आमचा पोऱ्या असतो, त्याला हल्ली माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रंगाच्या भांडणावर मात्र सगळ्यात चांगला उपाय मला अण्णांनीच सुचवला. आपल्या मराठीत रंगांची नावंच वस्तूंवरून आहेत. आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, अबोली, मोरपंखी. म्हणाले, "मग ती वस्तूच शेजारी ठेव की." आमसुली साडीच्या घडीवर चार आमसुलं ठेवली, श्रीखंडीशेजारी श्रीखंडाची वाटी. गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा स्क्रीन कसाही असो, आमसूल कसं दिसतं हे तिला माहीत आहे, आणि त्याच्या तुलनेत साडी कशी आहे तेही कळतं. शिवाय फोटो गोड दिसतो तो वेगळाच. यासोबत उंबऱ्यावर धरून दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो. साडी हलली की जर कशी चमकते ते फोटोत येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर एवढी मेहनत दाबून बारीक होऊन पोचते.

परतीच्या साड्या बंद झाल्या का? नाही, अजूनही येतात. नवऱ्याला आवडली नाही, ब्लाऊजपीस लहान पडला, कारणं असतात. पण "रंग वेगळा आहे" हे कारण घेऊन गेल्या दिवाळीत एकच आली.

माल नाही, दिवस दाखवा

उंबऱ्यावर रोज तासभर उभं राहायला लागलो आणि हळूहळू साडीशिवाय बाकीचंही दिसायला लागलं. अण्णांची घडी घालायची पद्धत. सहावार साडी ते उभ्या उभ्या, हनुवटीखाली काठ धरून, मोजून काही सेकंदात घडी घालतात. फॉल-पिको करणाऱ्या ताई दुपारी खिडकीपाशी बसतात, तेव्हा सुईत दोरा ओवायला त्या सुई उजेडाकडे धरतात आणि एक डोळा बारीक करतात. चहावाल्या पोराच्या किटलीतून वाफ निघते आणि मागे अंधारं कपाट असलं तरच ती दिसते. हे फोटो मी सहज म्हणून स्टेटसला टाकले. साड्यांच्या फोटोंवर "प्राइस?" एवढंच येतं. अण्णांच्या घडीच्या फोटोवर लोकांनी मोठे मोठे मेसेज लिहिले. पुण्याच्या त्या काकूंचाही आला. "अण्णा बारीक झालेत का रे? अजून तशीच घडी घालतात." आणि खाली, दोन साड्यांची ऑर्डर.

असे फोटो सांगून येत नाहीत. "अण्णा, जरा घडी घाला हो, फोटो काढतो" म्हटलं की अण्णा ताठ होतात, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. फ्रान्सचा कार्तिए-ब्रेसाँ नावाचा प्रसिद्ध फोटोग्राफर होता, गांधीजींच्या शेवटच्या दिवसांतले फोटो काढणारा. १९३२ चा त्याचा एक फोटो आहे, वर गोल वळणारा दगडी जिना आणि खालून वेगात जाणारा सायकलवाला. जिना तिथे कायमच होता. तो टिपण्यासारखा झाला तो त्या एका क्षणाच्या सायकलमुळे. मी यातून माझ्यापुरतं असं घेतलं की आधी उजेड आणि जागा ठरवायची, चौकट पक्की करायची, मग माणूस आपणहून येईपर्यंत थांबायचं. खिडकीपाशी ताई बसणारच आहेत, सुईत दोरा ओवणारच आहेत. मी चार दिवस दुपारी त्या बाजूला नुसता हिशोब लिहीत बसलो. त्यांना माझी सवय झाली. पाचव्या दिवशी फोटो मिळाला. अर्थात त्यांना आधीच विचारलेलं होतं, की ताई, कधीतरी काम करताना काढला तर चालेल ना?

हे विचारणं मी चूक करून शिकलो, आणि ती चूक सांगायला अजून जड जातं.

एक बाई नेहमी यायच्या. एकदा त्यांनी उंबऱ्यावर मोरपंखी पैठणी खांद्यावर टाकली आणि आभाळाकडे बघितलं. तो उजेड, तो चेहरा, मला राहवलं नाही. काढला. सुंदर आला होता, आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. न विचारता स्टेटसला टाकला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाज हळू. भिशीचे पैसे साठवून, घरात कुणाला न सांगता त्यांनी ती साडी घेतली होती, आणि स्टेटस त्यांच्या जावेने बघितलं. मी लगेच काढून टाकला, हात जोडून माफी मागितली. त्या "असू दे दादा" म्हणाल्या. त्यानंतर दुकानात आल्या नाहीत. बाजारात एकदा समोरून दिसल्या, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

तो फोटो मी डिलीट केलाय. आता दुकानात गिऱ्हाइकाचा फोटो काढण्याआधी विचारतो, काढल्यावर त्यांना दाखवतो आणि टाकण्याआधी पुन्हा विचारतो. नाही म्हणाल्या तर फक्त हात आणि पदर. कामाच्या माणसांनाही विचारायचं, पगार देतो म्हणून चेहरा विकत घेतलेला नसतो. लहान मुलांचा तर आई-वडिलांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. यात कायद्यापेक्षा हिशोब साधा आहे: बाईने तुमच्या उंबऱ्यावर साडी खांद्यावर टाकली ती तुमच्यावर विश्वास ठेवून.

पिवळ्या उजेडाबद्दल एक राहिलं. एवढं ऐकून कुणी दिवाळीत पणतीचा फोटोसुद्धा दुपारी उंबऱ्यावर काढेल, तसं करू नका. खरा रंग दाखवायचा असेल तेव्हा आभाळाचा उजेड, आणि सणाचा भाव दाखवायचा असेल तेव्हा दिव्याचाच. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं "ग्लो ऑफ होप" तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलं असेल, हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री. स्वतःच्या मुलीला उभं करून त्यांनी ते जलरंगात काढलं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. मोबाईलवर उघडून नीट बघा. बोटांच्या मधून उजेड कसा लालसर होऊन येतो, साडीवर कुठे पोचतो आणि कुठे संपतो. त्या दिवशी मोबाईलला उजेड वाढवू देऊ नका, तो छोटा सूर्य खाली ओढा. अंधार अंधारच राहू दे.

साडीवाले नसाल तर थोडक्यात. भांडीवाल्यांनो, स्टील आणि पितळेत अख्खं दुकान, तुम्ही आणि तुमचा मोबाईल, सगळं दिसतं. भांड्याच्या तिन्ही बाजूंनी पांढरं धोतर उभं धरा, भांड्यात फक्त पांढरं दिसेल. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या ताईंनो, उजेड ताटाच्या मागून किंचित बाजूने येऊ द्या, तर्री चमकते आणि वाफ दिसते, फक्त मागे काहीतरी गडद हवं. दागिन्यांचं प्रकरण मोठं आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आणि मोबाईल कुठला घ्यायचा? आत्ता जो हातात आहे तो. आठ दिवसांची वही लिहून झाल्यावरही कमी पडतोय असं वाटलं, तर मला वही पाठवा, मग बोलू. आजवर तीन जणांनी पाठवली, तिघांनीही मोबाईल बदलला नाही. एकाने खिडकीपुढचं कपाट हलवलं.

हे लिहिता लिहिता पावणेबारा झालेत. ऊन उंबऱ्यावरून उतरलंय आणि सकाळी पाच श्रीखंडी आल्यात. पोऱ्या थर्माकोल घेऊन दारात उभा आहे, आणि अण्णा विचारतायत, वाटीतलं श्रीखंड फोटो झाल्यावर कोण खाणार ते.